स्पिरिटचा थेंब

भाऊजी मला शास्त्रज्ञ म्हणतात. म्हणायचे.

सुरुवात चेष्टेतच झाली होती. "या शास्त्रज्ञ, हात धुऊन जेवायला बसा, किडे कुठे पळून जात नाहीत." मग कधीतरी त्यातली चेष्टा गळून पडली आणि नुसतं शास्त्रज्ञ राहिलं. परक्या माणसांसमोरसुद्धा. "हा आमचा मेव्हणा. पाण्याचा थेंब बघून सांगतो आत काय आहे. कुठे शिकायला गेला नाही, सगळं आपल्या डोक्यानं." असं ते म्हणाले की मी मान खाली घालायचो. पण कान मात्र तिकडेच.

शिकायला गेलो नाही हे खरंय. मी मोबाईल दुरुस्त करतो. दुकानात बारीक टाके लावायला एक मायक्रोस्कोप आहे. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मालक खुर्चीत घोरत होते, मी कूलरच्या टाकीतल्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवून बघितला. त्यात काहीतरी पळालं. एवढंच. तेव्हापासून माझं डोकं जागेवर नाही असं आई म्हणते.

नंतर एका बंद पडलेल्या लॅबमधला जुना मायक्रोस्कोप मिळाला. व्हिडिओ बघून बघून शिकलो. फोनवर एक ग्रुप आहे, जगभरातली आमच्यासारखी रिकामटेकडी माणसं तिथे पाण्यातल्या जिवांचे फोटो टाकतात आणि हा कोण, तो कोण यावर भांडतात. मी पण भांडायला लागलो. मला वाटायचं मला येतं.

आणि ताईच्या घरामागे तळं आहे. म्हणून हे सगळं.

ताई आणि भाऊजी मासे वाढवतात. मोठे नाही, लहान. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले मासे विकत आणायचे, आपल्या तळ्यात सोडायचे, बोटाएवढे झाले की मोठ्या तळ्यावाल्यांना द्यायचे. त्या नुकत्या जन्मलेल्यांना जिरे म्हणतात, कारण ते जिऱ्याएवढेच असतात. अंग काचेसारखं, आत दोन काळे ठिपके. ते डोळे. पिशवीत बघितलं तर वाटतं पाण्यात नुसते डोळेच पोहतायत.

आता या जिऱ्यांचं तोंड केवढं असणार? त्यांना पहिले काही दिवस एकच गोष्ट खाता येते. रोटिफर म्हणतात त्याला. मी पंखेवाले म्हणतो, कारण त्यांच्या डोक्यावर दोन पंखे सुरू असल्यासारखे दिसतात, गरागरा, आणि ते आपले निवांत सरकत असतात. पाण्यात पंखेवाले भरपूर झाले की जिरे सोडायचे. पण तेच जर उशीर झाला, किंवा पाण्याचं गणित चुकलं, तर तिथे दुसराच एक प्राणी माजतो. सायक्लॉप्स. एकच डोळा, पेरूच्या बीसारखं अंग, मागे शेपूट. हा जिऱ्यांना धरून खातो. दिसायला जिऱ्यापेक्षाही लहान, पण सोडत नाही. टोळीनं येतो.

म्हणजे दर वेळी प्रश्न एकच. आत पंखेवाले आहेत की एकडोळे?

माझ्या आधी भाऊजी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडाकडे धरायचे. "दाटलंय. सोडा." कधी जमायचं, कधी नाही. मी मायक्रोस्कोप आणल्यावर ते मला विचारायला लागले. पहिल्या खेपेला मी बरोबर सांगितलं. दुसऱ्या खेपेला पण. दुसऱ्या खेपेनंतर भाऊजींनी मला खांद्यावर हात ठेवून गल्लीच्या टोकापर्यंत सोडलं. एवढं तर ते पाहुण्यांना पण सोडत नाहीत.

ही तिसरी खेप.

ताईनं फडक्यातून तळ्याचं पाणी गाळून एका बाटलीत दिलं. मी बाटली घरी आणली, थेंब काचेवर घेतला. आत गर्दी! पण सगळे पळत होते. एक फोटो धड येईना. नुसत्या पांढऱ्या रेघा.

मला फोटो पाहिजे होता. पाणी ओळखायला फोटो लागत नाही. ग्रुपवर टाकायला लागतो. आदल्याच आठवड्यात कुणीतरी एक फोटो टाकला होता, त्याच्यावर लोक नुसते तुटून पडले होते, वा वा आणि काय काय. माझ्या पोटात दुखत होतं. हे आता लिहिताना पण कसंतरी होतंय.

मी स्पिरिटचा थेंब सोडला. मोबाईल पुसायचं स्पिरिट. सगळे थांबले.

मग काय, शांतपणे एकेक करून बघितले. लंबगोल अंग. कडेनं काही टोकदार बाहेर आलेलं. पंखेवाल्यांमध्ये एक जात कवचवाली असते, कवचाला काटे असतात. मी म्हटलं, काटे. पंखे दिसत नव्हते, पण मेल्यावर ते पंखे आत ओढून घेतात, हे मला माहीत होतं. सगळं कसं जुळत होतं. मोठे एकडोळे एखाद-दुसरेच होते.

ताईला फोन केला. फोन भाऊजींनीच घेतला.

"काय म्हणतात आमचे शास्त्रज्ञ?"

"गच्च आहेत भाऊजी. सगळे कवचवाले पंखेवाले."

"सोडू मग?"

"सोडा. बिनधास्त."

बिनधास्त. हा शब्द माझाच. भाऊजींनी विचारला पण नव्हता.

फोटो ग्रुपवर टाकला. लोकांनी वा वा केलं. एक जण होता, प्रोफाइलला बेडकाचं चित्र, त्यानं लिहिलं, "फोटो छान. जिवंत असताना कसे हलत होते? सरकत होते की झटके देत?"

मी लिहिलं, "दादा, फोटो हलत नसतो." पुढे हसून हसून रडणारी तीन तोंडं. पब्लिक खूश. बेडूकवाला परत काही बोलला नाही.

पण खरं सांगतो, तो प्रश्न मी परत एकदा वाचला. कारण मी ते पळताना बघितले होते, स्पिरिटच्या आधी. आणि ते सरकत नव्हते. बाटलीत अजून अर्धं पाणी होतं, खिडकीत ठेवलेलं. एक थेंब घ्यायचा आणि बघायचं. दोन मिनिटांचं काम.

मी नाही बघितलं. जेवायला बसलो.

*

पुढच्या आठवड्यात ताईचा फोन. "अरे, तळ्यात काही दिसतच नाहीये."

"खाली बसले असतील."

"फडकं ओढलं रे आम्ही. दोनदा. रिकामं आलं."

मी गेलो. भाऊजी तळ्याच्या काठावर उकिडवे बसले होते, पेल्यात पाणी घेऊन उजेडाकडे धरलेलं. मला बघून उठले. मला वाटलं आता माझ्याकडे वळणार. पण त्यांनी पेला ओतून दिला आणि म्हणाले, "बीजच कच्चं होतं, जिरेच कमजोर. पाणी तर तू बघितलंस."

मी तळ्याकडे बघत राहिलो.

"नाहीतर एवढी गच्च शिदोरी असताना मरतील कशाला? सांग ना तू."

"हो ना," ताई म्हणाली. "याच वेळी काकांनी घाईत दिलं होतं. पिशवी बांधताना पण मला वाटलं होतं."

काका म्हणजे जिरेवाले काका. गावाबाहेर त्यांची पत्र्याची शेड आहे, तिथे अंडी फुटतात. मोठमोठे काचेचे जार, खालून पाणी वर ढवळत असतं, त्यात अंडी उकळल्यासारखी फिरत असतात. ताई-भाऊजींनी धंदा सुरू केला तेव्हापासून जिरे त्यांच्याकडूनच.

"चल," भाऊजी म्हणाले. "तू पण चल. फोटो आहे ना फोनमध्ये?"

म्हणजे मी साक्षीदार.

शेडवर त्या दिवशी गर्दी होती. माणसं बादल्या, पिशव्या घेऊन थांबलेली. काका पिशवीत हवा भरत होते, नळी तोंडात धरून गाठ मारतात ते, त्यामुळे भाऊजींनी बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यांना उत्तरच देता येईना. नुसते भुवया उडवत होते. भाऊजींचं सगळं बोलून झालं तेव्हा कुठे त्यांनी नळी काढली.

"पाणी बघितलं होतं का?"

"पाणी?" भाऊजी मागे वळले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाणी आमच्या शास्त्रज्ञानं बघितलंय. मायक्रोस्कोपखाली. दाखव रे."

मी फोन काढला. फोटो लावला. काकांनी चष्मा शोधला, सापडला नाही, मग फोन हात लांब करून धरला. त्या फोटोत काय बघायचं ते त्यांना कुठून कळणार? त्यांनी मान हलवली. "चांगलं दिसतंय," म्हणाले. मला म्हणाले. जणू मी शाळेतून चित्र काढून आणलंय.

आणि मग ते शेडकडे वळले.

त्यांची मुलगी जारपाशी होती. माझ्याच वयाची असेल. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. जार तीच सांभाळते हे तिथे सगळ्यांना माहीत.

"त्या खेपेला पाण्याचा जोर कुणी कमी केला होता?"

"कुणी नाही बाबा. नेहमीसारखाच—"

"नेहमीसारखा असता तर मेले असते का? हात इथे, लक्ष तिसरीकडे! फोन बघत बसत असशील. आमचं नाव घालवायला बसलीय!"

एकदा माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं तिनं. मग जारकडे तोंड केलं.

मागच्या दोन माणसांनी आपल्या रिकाम्या बादल्या उचलल्या. "काका, पुढच्या वेळी बघू आम्ही," म्हणाले आणि निघाले. काका त्यांना थांबा म्हणाले नाहीत.

येताना भाऊजींच्या गाडीवर मागे बसून मी एकच गोष्ट चघळत होतो. मला कुठे खात्री आहे? मला कुठे खात्री आहे? हे वाक्य घरापर्यंत पुरलं.

*

घरी खिडकीत बाटली होती.

झाकण न लावता राहिली होती. ऊन येतं तिथे. मी हातात घेतली तर मायक्रोस्कोपची गरजच पडली नाही. पांढरे ठिपके, डोळ्यांनी दिसणारे, आणि टुणटुण उड्या मारतायत. उडी, थांब. उडी, थांब.

तरी थेंब घेतला. स्पिरिट नाही टाकलं.

एकडोळे. मोठे झालेले. एकीच्या मागे अंड्यांच्या दोन पिशव्या लटकलेल्या, दप्तरं घेऊन निघाल्यासारख्या. आणि त्यांच्यामधून त्यांची पिल्लं, लंबगोल, तीन जोड पाय बाहेर आलेली, कपाळावर एक लाल ठिपका. झटका, थांब. झटका, थांब. पंखेवाला असा हलूच शकत नाही. तो सरकतो. आंधळ्याला पण कळेल इतका फरक आहे. फक्त ते जिवंत पाहिजेत.

एकडोळ्याचं पिल्लू आईबापासारखं अजिबात दिसत नाही. शेपूट नाही, काही नाही. याचं चित्र मी बघितलेलं होतं. लोकांना ग्रुपवर शिकवलं पण होतं एकदा, टेचात. ज्यांना मी काटे म्हटलं ते पाय होते.

म्हणजे मी जिऱ्यांना त्यांचं जेवण म्हणून जे दाखवलं, त्यातलं त्यांना धड काही गिळता आलं नसणार. निम्मे उपाशी गेले असतील. आणि तोवर ही पिल्लं मोठी झाली, आणि राहिलेल्यांना खाल्लं. भाऊजी सकाळ-संध्याकाळ काठावर बसून त्या तळ्याला भरडा टाकत होते. कुणाला भरवत होते?

मी बाटली मोरीत ओतली. पुरावा नष्ट करतात तसं. ओतल्यावर कळलं की मी काय केलं. कुणी मागितला होता पुरावा?

दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात खूप काम होतं. खरंच होतं. तिसऱ्या दिवशी नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी एका बंद फोनची आतली धूळ ब्रशनं काढत दुपार घालवली. मालक म्हणाले, "अरे, फोन साफ करतोयस की त्याची आंघोळ?"

एका संध्याकाळी ताईचा फोन आला. मी उचलला नाही. मग मेसेज आला. "रविवारी काका येतायत. भरपाई म्हणून नवीन जिरे देतायत, पैसे नको म्हणाले. सोडायच्या आधी पाणी बघायला ये. तुझं यंत्र घेऊन ये."

*

रविवारी मी मायक्रोस्कोप पोटाशी धरून ताईकडे गेलो. दारात काकांची स्कूटर. घरात काका, त्यांच्या दोन पायांच्या मध्ये फुगलेली पिशवी. आत डोळे.

काका खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. ताईनं चहा पुढे केला तर म्हणाले, "नको. तोंडच नाही चहा प्यायचं."

"असं काय काका," ताई म्हणाली. "होतं धंद्यात."

"होतं म्हणून कसं चालेल? इतकी वर्षं झाली. असं कधी झालं नव्हतं." मग भाऊजींकडे बघून म्हणाले, "पोरीला जारवरून काढलंय मी. पुतण्या बघतो आता. ती बाहेर बादल्या धुते. बोलत नाही माझ्याशी. न बोलू दे. चूक ती चूक."

भाऊजींना पण कसंतरी झालं असावं. त्यांनी खाकरून विषय बदलला. "चला शास्त्रज्ञ, मांडा दुकान."

मी मायक्रोस्कोप ओट्यावर ठेवला. ताईनं तळ्यातलं ताजं पाणी आणलं. मला वाटत होतं पाणी बदललेलं असू दे. तळं उपसून नव्यानं भरलेलं असू दे. "तेच पाणी आहे," ताई म्हणाली. "यांनी म्हटलं, पाण्याला काय झालंय, पाणी तर चांगलंच होतं."

"मी आधी बघू का?" काका उठले. "आयुष्य गेलं हे देण्यात. पण ते खातात काय हे कधी डोळ्यांनी बघितलं नाही."

मी थेंब काचेवर घेतला. भाऊजींनी खिडकीतली स्पिरिटची बाटली उचलून पुढे केली. माझीच, दुसऱ्या खेपेला त्यांना थेंब दाखवला तेव्हा इथे राहिलेली. "हे टाक ना. नाहीतर पळतात, त्यांना नीट दिसणार नाही."

"नको," मी म्हटलं. "पळू द्या."

काका वाकले. आधी भलताच डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग ताईनं हसत त्यांचा एक डोळा आपल्या हातानं झाकला. "आता बघा."

"आयला!" काका म्हणाले. तोंड उघडंच राहिलं. "केवढी धावपळ! अरे, हे तर नाचतायत. एक डोळा आहे का रे यांना?"

"हो."

"आणि ही दोन गाठोडी काय मागे?"

"अंडी."

"लेकुरवाळी आहे म्हणजे." ते हसले. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. डोळा तसाच भिंगाला लावून म्हणाले, "काय रे, एवढंसं ते जिरं, आणि हे त्याचं जेवण. देवानं काय काय करून ठेवलंय."

भाऊजी म्हणाले, "सोडू मग पिशवी?" आणि पिशवीच्या गाठीला हात घातला.

"नाही," मी म्हटलं. "भाऊजी, नको."

"का?"

"हे त्यांचं जेवण नाहीये. जिरे यांचं जेवण आहेत."

काकांनी डोळा वर केला. डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उठला होता.

मी सांगितलं. उभ्यानंच. एकडोळे, त्यांची पिल्लं, स्पिरिट, काटे नव्हते पाय होते. भराभर सांगितलं, मध्ये कुणी काही विचारू नये म्हणून. पण ताईनं विचारलंच.

"म्हणजे त्या खेपेला पण हेच होते."

"यांची पिल्लं होती."

"चुकलास तू."

"हो."

"बरं. चुकतं माणूस." ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी बघायची तशी, खिशात काय लपवलंय ते दाखव म्हणताना. "कधी कळलं तुला?"

हाच प्रश्न मला नको होता. आज कळलं म्हणता आलं असतं. आत्ता, भिंगातून बघितल्यावर. कुणाला काय कळणार होतं?

"शेडवरून आलो त्या दिवशी," मी म्हटलं.

पिशवीतलं पाणी हललं. भाऊजींनी गाठीवरचा हात काढला आणि पँटला पुसला.

"बिनधास्त म्हणाला होतास," ते म्हणाले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. ते विचारत होते. "मी कशाच्या जोरावर तिथे चार लोकांत बोललो रे? त्या माणसाला?"

"भाऊजी—"

"उचल ते." मायक्रोस्कोपकडे बोट दाखवून म्हणाले. "ताईला ओटा लागतो."

काका परत खुर्चीत बसले होते. या वेळी पूर्ण मागे टेकून. मला वाटलं म्हातारा माणूस आहे, म्हणेल, असू दे पोरा. तसं काही झालं नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मी तिला सगळ्यांसमोर बोललो. तुझा तो फोटो बघून."

"हो काका."

"तू तिथेच उभा होतास."

"तेव्हा मला खात्री नव्हती."

"नंतर होती ना?" ते उठले. "चल शेडवर. पिशवी घे. हे पण मरायचे नाहीतर."

*

स्कूटरवर मागे बसलो, मांडीवर पिशवी. गार. खड्डा आला की सगळे डोळे एका बाजूला जायचे आणि परत पसरायचे. मी दोन्ही हातांनी धरली होती. रस्ताभर काका एकदाच बोलले. "घट्ट दाबू नको."

मी मनात वाक्यं जुळवत होतो. "हे बघा, एक गैरसमज झाला होता." हे नको, यात माझं नावच नाही. "माझ्याकडून ओळखण्यात थोडी." थोडी काय थोडी?

शेडवर रविवार म्हणून नेहमीपेक्षा जास्त माणसं. काकांची मुलगी बाहेर नळापाशी बादल्या घासत होती. पुतण्या आत जारसमोर उभा, छाती काढून.

काकांनी स्कूटर उभी केली आणि तिच्यापाशी गेले. काय बोलावं त्यांना पण कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, "याला काहीतरी सांगायचंय तुला."

तिनं हात न थांबवता माझ्याकडे बघितलं. फोटोवाला, हे तिला आठवलं असणार.

मी जवळ जाऊन हळू आवाजात सुरू केलं. "जिरे चांगलेच होते. पाणी मी चुकीचं ओळखलं. तुमची काही चूक—"

"मला माहितीये माझी चूक नव्हती," ती म्हणाली. "मला काय सांगताय?"

मग बादली पालथी घातली. हात झटकले.

"बाबा मला कुठे बोलले होते?"

तिनं मागे बोट दाखवलं. जारपाशी, जिथे माणसं पिशव्या घेऊन उभी होती.

"तिथे. तुम्ही पण तिथेच सांगा."

मी काकांकडे बघितलं. सुटका करतील असं वाटलं. काका जमिनीकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "जा." आणि माझ्यामागोमाग ते पण आले. त्यांनाही तिथे उभं राहायचं होतं बहुतेक. ती पण आली, ओल्या हातांनी, आणि पुतण्याला खांद्यानं बाजूला सारून आपल्या जागी उभी राहिली.

पिशवी माझ्या हातातच होती. ती कुठे ठेवायची तेही मला कळलं नाही.

"त्या दिवशी," मी म्हटलं, "आमच्या तळ्यातले जिरे मेले. ते यांच्यामुळे नाही. पाणी मी बघितलं होतं. मला ओळखता आलं नाही आणि मी येतं म्हणून सांगितलं. नंतर कळलं, तरी गप्प बसलो."

दोन-चार माणसांनी बघितलं. एक जण गाठ मारत होता, मारत राहिला. मला वाटलं झालं. संपलं.

सगळ्यात मागे एक म्हातारे होते, बादली उलटी करून तिच्यावर बसलेले. त्यांनी कानामागे हात धरला आणि शेजारच्याला विचारलं, "काय म्हणतोय तो पोरगा?"

शेजारचा हसला. "काय माहीत. काहीतरी पाण्याचं म्हणतोय."

"ऐकू नाही आलं," म्हातारे मला म्हणाले. "परत सांग."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं जारची तोटी बंद केली, आवाज कमी व्हावा म्हणून.

"मोठ्यानं," ती म्हणाली.